पॉलिनबाईंचे नऊ दिवस

पॉलिनबाई सायकलवरून उतरल्या आणि परांचीखाली येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आलोशियस दुसऱ्या मजल्याची भिंत चढवत होता. सन शहाऐंशी, जानेवारी महिना. चंदनसारला नवी बिल्डिंग उठत होती. वसईतल्या गिरीज गावाहून तिथवर सायकलने यायचं म्हणजे तास-सव्वा तास, वर मध्ये रेल्वेचं फाटक. बाईंच्या साडीचा काठ चेनच्या तेलाने काळा झाला होता.

"आलोशियसभाऊ, खाली येता का? बोलायचंय."

"हा थर लागू दे, बाई. माल कालवलाय, सुकेल."

बाईंनी विटांच्या ढिगाला सायकल टेकवली आणि उभ्या राहिल्या. थर लागला. मग आलोशियसने मुद्दाम पुढचा धरला. शाळेतली बाई कामावर येते म्हणजे पोराने काच फोडली असणार, नाहीतर कुणाचं डोकं. फुटलेली वस्तू अर्ध्या तासात आणखी फुटत नाही, असा त्याचा विचार. दुसराही थर संपला तरी बाई ऊन खात तिथेच. बिगारी बाया हसायला लागल्या.

"मिस्त्री, उतरा की! नाहीतर ती वर चढंल."

तो उतरला. बाईंनी त्याला पाण्याच्या पिंपामागे नेलं आणि सरळ सांगितलं, "कॉन्रॅड गर्द ओढतो. दिवाळीपासून."

आलोशियस थापी पुसत राहिला. थापी स्वच्छ होती तरी पुसत राहिला.

"कोण म्हणतं?"

"तोच. काल माझ्याकडे येऊन बोलला. म्हणाला, बाबांना सांगायला तोंड उघडत नाही, तुम्ही सांगा. म्हणून आले. नाहीतर पोरांचं बोलणं मी खोलीबाहेर नेत नाही."

"मी बघतो त्याच्याकडे."

"बघता म्हणजे काय करता? हात उचलू नका. आणि क्रूसाजवळ नेऊन शपथ घालू नका. आधी डॉक्टर. मग त्याच्याबरोबर बसायचं, रोज. वेळ लागेल."

"बाई, तुम्ही शाळा शिकवा. पोर माझं आहे."

"तुमचंच आहे. म्हणून तर फाटक ओलांडून आले," बाई म्हणाल्या आणि सायकलवर बसल्या.

पॉलिनबाई गिरीजच्याच. मराठी शाळेत चौथीपर्यंत त्या आणि आलोशियस एका वर्गात होते. चौथीनंतर तो बापाच्या हाताखाली माल कालवायला गेला, त्या पुढे शिकल्या. त्यांच्या बापाचा पानमळा होता आणि घरामागे दारूची भट्टी. गिऱ्हाईक आलं की कपात ओतून बाहेर नेऊन द्यायचं काम पॉलिनचं. आठ वर्षांची पोर. बाप स्वतःही तीच प्यायचा. तो गेला तेव्हा ती पंधराची होती. तिने लग्न केलं नाही. आईला सांभाळलं, धाकट्या दोन भावांना मार्गाला लावलं, बी.एड. केलं आणि शाळेत शास्त्र शिकवायला लागली.

ब्याऐंशी साली नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात त्यांना पुडी सापडली. नियमाप्रमाणे त्यांनी ती हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. मुलाचं नाव शाळेतून कमी झालं. दीड वर्षाने तो मुंबईत एका फुटपाथवर मेला. बाईंना कोणी एका शब्दाने बोललं नाही. ते न बोलणंच त्यांना सोसलं नाही.

पुढच्या मे महिन्यात सगळे शिक्षक सुट्टीवर असताना त्या मुंबईला मार्गदर्शनाचा महिनाभराचा वर्ग करून आल्या. परत आल्यावर त्यांनी एक खोली मागितली. मिळाली ती प्रयोगशाळेमागची अडगळ. फाटके नकाशे, मोडकी बाकं, काचेच्या फुटक्या नळ्या. बाईंनी स्वतः झाडली, चुन्याचा हात मारला, दोन खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवला. शाळा सुटल्यावर चार ते साडेपाच दार उघडं. ज्याला यायचं त्याने यावं, बोलावं, न बोलता पाणी पिऊन गेलं तरी चालेल.

शिक्षकांच्या खोलीत याला 'गप्पांचा तास' असं नाव पडलं.

"काय बाई, आज किती जीव तारले?"

"एक आला होता. तोही तहान लागली म्हणून."

पहिल्या सहा महिन्यांत तिघं आले. बाई मात्र रोज बसल्या. आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात महिन्यातून एक तास घेऊ लागल्या. कवट्यांची चित्रं दाखवून घाबरवणं त्यांना पटत नसे. त्या दोन मुलांना समोर उभं करत. एकाने पाजायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं.

"घे रे एक झुरका. आईला विचारून येतोस काय?"

"तूच घे. तुझी आई काल शाळेत रडत आली होती."

वर्ग हसायचा. बाई म्हणायच्या, "पुन्हा. आता त्याला न दुखवता नाही म्हण. उद्या त्याच्याबरोबरच फुटबॉल खेळायचाय तुला." पोरं दहा दहा वेळा 'नाही' म्हणायला शिकत. हा सराव कॉन्रॅडनेही केला होता. पण वर्गात पाजणारा मित्र खोटा होता. दिवाळीत भेटला तो खरा, चुलत्याच्या गावचा, मुंबईत नोकरीला लागलेला.

आलोशियसने पोराला मारलं नाही. बाईंचं तेवढं ऐकलं. दुसरं ऐकलं नाही.

त्याच्या आळीत एक चाल होती. दारू सुटत नसलेल्या माणसाला रविवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर आळीच्या क्रूसाजवळ उभं करायचं. हात क्रूसावर, आळी साक्षीला, आणि जन्मभराची शपथ. आलोशियसने ती स्वतः एकोणसत्तर साली घेतली होती. तोवर तो मोठा पिणारा होता. त्यानंतर आळीत कोणाला समजवायचं झालं की लोक त्याचं नाव घेत. "आलोशियसकडे बघ. हात ठेवला तो ठेवला." लग्नात, बारशाला पेले फिरत तेव्हा त्याच्या हातात कोणी न विचारता सरबत देई. त्याला या गोष्टीचा अभिमान होता. शपथेने तो सुधारला, तर शपथेने पोरगा सुधारेल. सोपी गोष्ट होती.

रविवारी आळीसमोर कॉन्रॅडने क्रूसावर हात ठेवला. सोळा वर्षांचा मुलगा, कॉलरमधून मानेची हाडं दिसत होती. "जन्मात शिवणार नाही," असं त्याने म्हटलं. शेवटचे शब्द ऐकूही आले नाहीत. आलोशियस म्हणाला, "मोठ्याने." मुलगा मोठ्याने म्हणाला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी त्याचं अंग मोडून आलं, नाक गळायला लागलं, पोटात कळा. गुरुवारी दुपारी तो घरातून निघाला तो रात्री आला नाही. शुक्रवारीही नाही. त्याची आई रेजिना विहिरींवर विचारत फिरली.

शनिवारी सकाळी जवळच्या होळी गावचा हिरामण पॉलिनबाईंच्या दारात आला. हिरामणची केळीची वाडी होती. त्याची मुलगी द्वारका आठवीत असताना शाळा सोडणार होती, ती बाईंच्या खोलीत आठ दिवस बसून मग परत वर्गात गेली होती. हिरामण म्हणाला, "बाई, एक पोर माझ्या वाडीतल्या खोपटात पडलंय. तुमच्या शाळेचं. बापाकडे नेतो म्हटलं तर पाय धरतंय. म्हणतंय, मी क्रूसावरची शपथ मोडली, आता मला घरही नाही आणि देवही नाही. कधी घेतली आणि कधी मोडली विचारलं, तर म्हणतंय चार दिवस. चार दिवसांत देव संपतो होय?"

बाई डॉक्टरांना घेऊन आधी वाडीत गेल्या. मग आलोशियसच्या घरी. तो ओट्यावर बसला होता. कॉन्रॅड सापडला हे ऐकून रेजिना मटकन खाली बसली. आलोशियस उठला, "चला, आणतो."

"थांबा. आणाल आणि परत तो जाईल. तुमच्या हाताखाली नवा बिगारी आला तर पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यावर काय देता?"

"एक घमेलं. तेही अर्धं."

"का?"

"मान मोडेल."

"तुम्ही पोराच्या डोक्यावर जन्मभराचं घमेलं दिलंत, भाऊ. तेही अंग थरथरत असताना."

"मी नाही उचललं? मी नाही पाळली शपथ सतरा वर्षं?"

रेजिना खाली बसल्या जागेवरून बोलली. ती नवऱ्यापुढे फारशी बोलत नसे. "एकाहत्तर साली तुमच्या भावाच्या लग्नात मांडवामागे काय प्यालात? शहाळ्याचं पाणी?"

आलोशियस परत ओट्यावर बसला.

"आणि त्र्याहत्तरात, बाप वारले तेव्हा. सांगू अजून?"

"पुरे," आलोशियस म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "मोडल्यावर पुन्हा कशी धरलीत?"

"कोणाला कळलं नाही. हिला कळलं. ही बोलली नाही. सकाळी कामावर गेलो."

"म्हणजे तुम्हाला दुसऱ्या दिवशीची सकाळ मिळाली. त्याला ती मिळत नाहीये. त्याला वाटतं, बापाने एकदा हात ठेवला आणि पार पडला, आपणच सडके. हे त्याच्यापाशी जाऊन तुम्हीच बोला. मी बोलून उपयोग नाही."

"आणि शपथ?"

"फादरांना मी भेटून आले. अशा शपथेतून ते सोडवू शकतात. ते त्यांचं काम. पण आळी साक्षीला तुम्ही बोलावली होती."

आलोशियसला त्या क्षणी बाईंचा राग आला, असा की सायकल उचलून रस्त्यावर टाकावी. सतरा वर्षं आळीत मान ताठ ठेवून चाललेला माणूस. दोन विटांची चूक दिसली तर आख्खा थर काढायला लावणारा मिस्त्री. आणि ही म्हणते, स्वतःची भिंत सगळ्यांसमोर पाड.

तो चालत होळीला गेला. खोपटात केळीच्या सुक्या पानांवर पोरगा पाय पोटाशी घेऊन पडला होता. बाप दिसताच भिंतीला सरकला. आलोशियस दारातच खाली बसला. बोलायची सवय नव्हती. म्हणून त्याने कामाचं बोलावं तसं सांगितलं. कधी, कुठे, कोणाच्या हातून, किती प्याला. दोन्ही वेळा. कॉन्रॅड ऐकत राहिला.

"मग आजी सगळ्यांना सांगायची, माझ्या पोराने पुन्हा थेंब शिवला नाही, ते?"

"तिला माहीत नव्हतं."

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"भीती वाटली."

मुलगा भिंतीपासून थोडा पुढे सरकला. मग म्हणाला, "बाबा, पोटात फार दुखतंय." गेल्या तीन महिन्यांत त्याने बापाला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर आलोशियस क्रूसाजवळ उभा राहिला. फादर बाजूला होते. तो एवढंच बोलला, "शपथ माझ्या हौसेची होती. पोराला मी उभं केलं. माझी स्वतःची दोनदा मोडलीय. फादरांनी त्याला सोडवलंय, तुम्हीही सोडा." एक-दोघं खाली बघून हसले. एका म्हातारीने क्रूसाची खूण केली. आणि मागच्या रांगेतला एकजण, ज्याचं नाव इथे नको, संध्याकाळी पॉलिनबाईंच्या घरी गेला आणि आपल्या मुलाबद्दल बोलला.

बाईंनी मग आपलं काम मांडलं. आळीत सगळ्यांना नोव्हेना ठाऊक. नऊ दिवस प्रार्थना, दहाव्या दिवशी सुटका. बाई म्हणाल्या, "जन्मभर कोणी मागत नाही. नऊ दिवस. रोज सकाळी त्या एकाच दिवसाचं बोलायचं. मोडला तर उद्या पुन्हा पहिला." डॉक्टर म्हणाले की साधारण तेवढ्याच दिवसांत अंगातलं निघून जातं. डोक्यातलं जायला फार लागतात, ते वेगळं. त्यांनी औषध दिलं आणि एक दिवसाआड येऊन नाडी बघितली.

कॉन्रॅडला घरी जायचं नव्हतं. हिरामण म्हणाला, "राहू दे इथे. खोपट काय माझ्या बापाचं आहे? म्हणजे आहे बापाचंच, पण राहू दे."

आलोशियसने कामावर नऊ दिवसांची सुट्टी टाकली. बत्तीस वर्षांत एवढी सलग सुट्टी त्याने लग्नालाही घेतली नव्हती. तो आणि रेजिना आळीपाळीने खोपटात राहिले. दोन दिवस पोरगा ओकत होता. तिसऱ्या दिवशी त्याने शिव्या दिल्या, बापाला आणि हिरामणला. हिरामण म्हणाला, "आमच्या बैलाला आम्ही याहून वाईट देतो, चालू दे." चौथा सगळ्यात वाईट. त्या दिवशी तो दोनदा पळाला आणि दोनदा आलोशियसने त्याला वाडीच्या कुंपणापाशी गाठलं. धरून ठेवलं नाही. बाईंनी तसं बजावलं होतं. नुसता बरोबर चालत राहिला. पोरगं थकून बसलं, तो बसला. उठलं, उठला. शेवटी दोघं परत आले.

बाई रोज शाळा आणि खोलीचा दीड तास आटोपून सायकलने यायच्या. येऊन गर्दाचं नाव काढत नसत. हिरामणकडे तेव्हा सुकेळी घालायचं चालू होतं. पिकलेली राजेळी केळी सोलून कारवीच्या मांडवावर उन्हात वाळवायची, दिवसातून एक-दोनदा परतायची, संध्याकाळी गोळा करून गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. घाई केली की आतून आंबतात. पाचव्या दिवशी बाईंनी कॉन्रॅडसमोर टोपली ठेवली.

"एवढी परतायला मदत कर."

"हात कापतोय, बाई."

"कापऱ्या हाताने परत. केळ्याला काय कळतंय?"

त्याने वीस-पंचवीस केळी परतली आणि झोपला. बाई त्या मधल्या वेळात काय बोलत, तर काहीच नाही. तो बोलेल त्याला उत्तर देत. सहाव्या दिवशी तो बोलला. पहिला झुरका कसा होता, मग तो तसा परत कधी आलाच नाही, तरी त्याच्यामागे कसा धावलो. बाईंनी विचारलं, "आता तो मित्र वाटेत भेटला तर काय म्हणशील?" तो म्हणाला, "माहीत नाही." बाई म्हणाल्या, "बरोबर. उद्या शोधू."

आलोशियस हे सगळं दारात बसून बघायचा. त्याला कामाची पारख होती. चांगला गवंडी दिवसाला किती विटा लावतो, वाईट किती, हे तो लांबून सांगे. पण हे काम त्याला मोजता येईना. संध्याकाळी मागे वळून बघावं तर भिंत नाही. उद्या आल्यावर आजचं उभं असेल याचीही खात्री नाही. तरी ही बाई रोज येते, दीड वर्ष अडगळीच्या खोलीत बसते, आणि कोणी हसलं तर हसून घेते. एवढी मेहनत त्याने परांचीवर कधी केली नव्हती, हे त्याने मनात कबूल केलं. त्याच्यासारख्या माणसाने ते कबूल करणं मोठं होतं.

नववा दिवस आला. पोरगा हाडांचा सापळा झाला होता, पण पोटभर जेवला.

मार्चची दहावीची परीक्षा हुकली. आलोशियसने त्यावर एक शब्द काढला नाही. तो घरच्या राजेळीचा घड खांद्यावर टाकून शाळेत गेला, शिक्षकांच्या खोलीसमोरून, सगळ्यांना दिसेल असा. बाईंच्या खोलीत उतरवला.

"बाई, त्या दिवशी पिंपामागे तुम्हाला वाकडं बोललो."

"मला वाटलं तुम्ही तिसरा थर धरणार."

"धरणार होतो."

दोघंही हसली. मग बाई म्हणाल्या, "घड ठेवा, मुलं खातील. पण मला दुसरं पाहिजे. जूनमध्ये पालकसभा आहे. बापांपैकी कोणी बोलत नाही. तुम्ही बोला."

"मला बोलता येत नाही."

"क्रूसाजवळ आलं की."

जूनमध्ये तो पालकांसमोर उभा राहिला. तीन वाक्यं बोलला आणि बसला. त्यानंतर बाईंच्या खोलीत मुलांबरोबर बापही यायला लागले. बाईंनी तिसरी खुर्ची मागून घेतली.

सप्टेंबरात एका रविवारी आलोशियस ओट्यावर बसून चपलेला टाका घालत होता. रेजिना आत जेवण वाढत होती. कॉन्रॅड सकाळपासून बाहेर होता. तो रस्त्याने सावकाश आला आणि ओट्याखाली उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"बाबा, काल घेतली."

आलोशियसच्या हातात सुई तशीच राहिली.

"तो भेटला वसई स्टेशनाबाहेर. नाही म्हटलं दोनदा. तिसऱ्यांदा नाही म्हणता आलं नाही." तो थांबला. "बाईंकडे जाऊन आलो आत्ता. त्या येणार होत्या बरोबर. मी म्हटलं, नको, घरी मी सांगतो."

आतलं पळीचं वाजणं बंद झालं होतं. रेजिना उंबऱ्यापाशी येऊन उभी होती.

आठ महिन्यांपूर्वी हा पोरगा बापाला सांगायला शाळेतली बाई पाठवत होता, आणि मग त्याच बापाच्या भीतीने परक्याच्या खोपटात पडला होता. आज, घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आपल्या पायांनी चालत घरी आला आणि स्वतःच्या तोंडाने बोलला. आलोशियसच्या छातीत राग शोधून सापडेना. जे सापडलं ते बाईंसाठी होतं, हिरामणसाठी, आणि पंधरा वर्षं गप्प राहिलेल्या बायकोसाठी. त्याला डोळे पुसावे लागले, त्यासाठी त्याने चप्पल खाली ठेवली.

"बाई काय म्हणाल्या?"

"पुन्हा पहिला दिवस."

"उद्यापासून?"

"आजपासून. ऑक्टोबरची परीक्षाही द्यायची म्हणाल्या, मधेच आली तरी."

आलोशियस ओट्यावर थोडा सरकला. "बस. जेवून घे आधी," तो म्हणाला. "मग मी कॉन्ट्रॅक्टरकडे जाऊन सांगून येतो, नऊ दिवस नाही म्हणून."